बाजूच्या सीटचा बेल्ट

पहिलं हे ऐका — मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. अमावस्येला शटर उघडून ट्रक खाली केलेत मी. गोडाऊनच्या दारात कोणी लिंबू-मिरची बांधली तर माझ्या शिव्या खायचा. गावात देवऋषीकडे जाणाऱ्यांची तोंडावर टिंगल केलीये. या पानावरचे अनुभवही मी दुपारी जेवण झाल्यावर वाचतो ते हसायला. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलोय याची मलाच लाज वाटते. पण लिहितो. कोणाला हसायचं असेल तर हसा, मीही तुम्हाला हसलोच आहे.

आम्ही काल्हेरचे. ठाण्याहून भिवंडीकडे येताना खाडीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना गोडाऊनं सुरू होतात, त्यातलीच चार आमची. बापूस होता तोवर भाताची खाचरं आणि खाडीत एक होडी होती. बापूस लवकर गेला. जितू, माझा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी लहान, म्हणून त्याला मीच वाढवला. वाढवला म्हणजे काय... ओरडून वाढवला. माझं तोंड खराब आहे, सगळ्या गावाला माहीत आहे.

जितू अंगाने आडवा माणूस. ब्याण्णव किलो. हसायला लागला की त्याचं पोट आधी हसायचं. लग्न झालेलं, बायको सुनंदा, एक मुलगी. दोघे भाऊ एकाच घरात, एकाच चुलीवर. धंद्यात तो माझ्या हाताखाली, पण लक्ष कायम वर. मुंबईला उतरणारी विमानं आमच्यावरून जातात, तर हा माल मोजता मोजता मान वर करून बघत राहायचा. पोरगा असता तर ठीक, हा तेहेतीस वर्षांचा बाप्या. आणि एक दिवस त्याने मला सांगितलं की त्याला विमान चालवायला शिकायचंय.

दोन हजार पाच सालच्या आसपासची गोष्ट. नोकरीसाठी नाही, नुसतं स्वतः उडवता येईल एवढं लायसन्स. खानदेशात एक धावपट्टी आहे, तिथल्या क्लबची माहिती त्याने काढलेली, मेडिकलसुद्धा मला न सांगता करून आलेला. पुस्तकं आणलेली. फक्त त्याला दोन महिने गोडाऊनवरून सुटी हवी होती.

“दादा, दोन महिने मोकला सोड मना. मंग जल्मात काय मागनार न्हाय,” म्हणाला.

मी हमालांच्या समोर हसलो. म्हटलं, “तू बसल्यावर ते विमान जमिनीवरनं उठनार हाय का? आधी आरशात बघ.” सगळे हसले. तोही हसला. पण पोट हसलं नाही, हे मला तेव्हाही दिसलं होतं. खोटं कशाला बोलू.

त्यानंतर तो मागायचा आणि मी उडवून लावायचो, असं चारपाच महिने चाललं.

सप्टेंबर होता. पाऊस जरा थांबलेला. चार नंबरच्या गोडाऊनमध्ये गळती लागली आणि नेमक्या त्याखाली लूमच्या कापडाच्या गाठी. पार्टीचा फोनवर फोन. पत्रेवाला दोन दिवस ‘येतो येतो’ करत होता. माझं डोकं फिरलेलं. जितू मात्र बाहेर उभा राहून वर बघत होता, नेहमीसारखा. मला ती वेळ अजून कळत नाही, कुठून आलं तोंडात... मी त्याला म्हटलं, “लय उडाची हौस हाय ना तुना? चढ मंग वर. जा, उड.”

आता जे गोडाऊनच्या धंद्यात नाहीत त्यांना सांगतो. सिमेंटचे जुने पत्रे पावसात मऊ पडतात, शेवाळ धरतं. त्यावर फळी टाकून चालायचं. फळी नसेल तर निदान बोल्टच्या रांगेवरून पाय टाकायचा, कारण बोल्टच्या खाली लोखंडी अँगल असतो. दोन बोल्टच्या रांगांमध्ये पाय पडला की खाली काही नाही. आमचे मुकादम इस्माईलभाई ओरडलेसुद्धा, “सेठ, पत्रा गीला है, पटरा तो डालने दो!” मी म्हटलं, “इतना टाइम नहीं है.”

जितू चढला. बोल्टच्या रांगेवरून नीट चालत गेला. मध्यावर थांबला, खाडीकडे तोंड करून उभा राहिला, आणि खिशातून मोबाईल काढून कोणाशी तरी बोलायला लागला. मला वाटलं एखादा ड्रायव्हर असेल. मी खालून ओरडलो, “फोनवर काय बोलत बसलास रं? फट बघ फट!”

तो माझ्या आवाजाकडे वळला. वळताना एक पाय बाजूला पडला.

आवाज फार मोठा नव्हता हो. ताट फुटल्यासारखा. खाली गाठी होत्या त्यांच्यावर पडला असता तरी वाचला असता. हातभर अंतराने चुकला.

पोलिसांना मी सांगितलं की तो स्वतःहून चढला, मी ऑफिसात होतो. हमाल गप्प राहिले, माझ्याकडे कामाला होते. इस्माईलभाई दुसऱ्या दिवशी हिशोब न मागता गावाला निघून गेले, परत आले नाहीत. सुनंदालाही मी तेच सांगितलं, आयलाही तेच. सुनंदाने ऐकून घेतलं. एक प्रश्न विचारला नाही.

दहाव्याला खाडीच्या काठी पिंड ठेवला. जितूच्या आवडीचं सगळं ठेवलं — सुके बोंबील, तांदळाची भाकरी, त्याची सिगारेटसुद्धा. समोर खारफुटीवर कावळे बसलेले, दहा-बारा तरी. एक जागचा हलेना. मग नेहमीचं सुरू झालं. आय पुढे झाली, “घरादाराची काळजी करू नको रं बाबा.” मामा म्हणाला, पोरीला शिकवू. सुनंदा हात जोडून उभी राहिली, ओठ हलले, काय बोलली ते कळलं नाही. एक तास गेला, दीड तास गेला, ऊन डोक्यावर आलं. भटजी घड्याळ बघायला लागले. “दर्भाचा कावळा करून शिववतो आता,” म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघत होते, कारण मीच एकटा काही बोललो नव्हतो. सुनंदाही बघत होती. तिचं ते बघणं मी विसरू शकत नाही, पण त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

मी पिंडाजवळ जाऊन बसलो. माफी मागावी असं खरंच मनात होतं, पण मागे तीस माणसं उभी. माफी मागितली तर कशाची, हे सांगावं लागलं असतं. म्हणून हळूच, फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, “जितू, मी शिकतो विमान. तुला मी नेतो वर.”

मी उठून चार पावलं मागे आलो असेन नसेन, कावळा उतरला.

लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. मी मनात म्हटलं, दीड तास बसून कावळ्याला भूक लागली, दुसरं काय. पण शब्द तर देऊन बसलो होतो. आणि मी शिवीगाळ करणारा असेन, दिलेला शब्द मात्र मोडलेला नाही कधी. वय एक्केचाळीस, शिक्षण दहावी पास, इंग्रजी म्हणजे मालाच्या चलनावर लिहितात तेवढंच. त्या दिवसापर्यंत विमानात साधा प्रवासीसुद्धा बसलो नव्हतो.

मेडिकलला वजनाचा काटा, डोळे, कान, सगळं झालं. मग जितूचीच पुस्तकं काढली. त्याने मार्जिनमध्ये पेन्सिलीने मराठीत लिहून ठेवलेलं — ‘वारा नेहमी नाकावर घ्यायचा’, ‘गरम हवेत विमान जड उठतं’ असं. मी ते आधी वाचायचो, मग छापलेलं. त्याच्या अक्षरावरूनच शिकलो म्हणा ना. एका पानावर, पॅसेंजर बसवण्याचे नियम होते तिथे, लिहिलेलं — ‘पहिला पॅसेंजर दादा. बेल्ट मी स्वतः बांधणार. ओरडेल खूप.’

ते पुस्तक मी महिनाभर उघडलं नाही.

काल्हेरहून माणकोली नाका, तिथून आग्रा रोड धरला की सरळ सहा तास. महिन्यातून दोनदा शनिवारी जायचो, सोमवारी परत. क्लबचं नाव लिहीत नाही, उगाच त्यांना त्रास नको. शिकवणारे एक निवृत्त गृहस्थ होते, साठी ओलांडलेले, नागपूरकडचे, काठीसारखे बारीक. आम्ही सगळे त्यांना नुसतं कॅप्टन म्हणायचो. बाकीची पोरं अठरा-वीस वर्षांची, फटाफट इंग्रजी बोलणारी, मला ‘अंकल’ म्हणायची.

पहिल्या दिवशी जमिनीवर विमान चालवायला दिलं. मी आयुष्यभर ट्रक हाकलेला. वळण आलं की हात आपोआप स्टिअरिंग फिरवतात. विमान सरळ गवतात! कॅप्टन म्हणाले, “भाऊ, जमिनीवर हे पायानं वळते. हाताचं काम वर गेल्यावर. तुमचा ट्रक घरी ठेवून या बरं.” वर गेल्यावर मला ओकारी आली, ती मी टोपीत केली. विमान उतरवताना मी ते ब्रेक मारल्यासारखं जमिनीवर आपटायचो. किती वेळा वाटलं, सोडून द्यावं. पण घरी आलो की सुनंदा पुढच्या वेळेची भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून द्यायची आणि एवढंच विचारायची, “अजून किती दिस, दादा?” तीही मला दादाच म्हणते. मी तिला कावळ्यापाशी काय बोललो ते कधी सांगितलं नव्हतं. तिला वाटत असेल दुःखाने वेड लागलंय, असं मी धरून चाललो.

अशी दोन वर्षं गेली. इतरांना जे चार आठवड्यांत जमतं ते मला दोन वर्षांत जमलं.

आता नीट वाचा. त्या विमानात दोनच सीट, शेजारी शेजारी. शिकणारा डावीकडे, शिकवणारा उजवीकडे. एक दिवस असा येतो की शिकवणारा दार उघडून खाली उतरतो आणि म्हणतो, जा एकटा. धावपट्टीभोवती एक चौकोनी फेरी मारायची आणि उतरायचं, त्याला सोलो म्हणतात. उतरताना शिकवणारा आपल्या रिकाम्या सीटचा बेल्ट सीटवर घट्ट आवळून बांधतो, म्हणजे तो लोंबून विमान वळवायच्या दांड्यात अडकत नाही.

फेब्रुवारीतली सकाळ, सात वाजलेले. हवा गार, वारा शून्य, वाऱ्याची दिशा दाखवणारी पताका काठीला चिकटलेली. कॅप्टननी इंजिन चालू असतानाच दार उघडलं. बेल्ट त्यांनी स्वतः बांधला, मी बघितला. सीटला सपाट चिकटलेला, शेपूट खाली खोचलेलं. ते म्हणाले, “भाऊ, मी नसणार म्हणजे पंचावन्न किलो कमी. विमान एकदम उडी मारेल, घाबरायचं नाही. आणि वजन फक्त डावीकडे, म्हणून थोडं डावीकडे झुकेल. एवढंच.” दार लावून, हातात छोटा रेडिओ घेऊन गवताच्या कडेला जाऊन उभे राहिले.

मी फुल पॉवर दिली.

विमानाने उडी मारली नाही. रोज जिथे चाकं सुटायची ती खूण गेली, चाकं जमिनीवरच. काटा बघितला, इंजिन नीट. मी दांडा ओढला, तेव्हा कुठे सुटलं, आणि सुटलं ते रडत. कॅप्टन शेजारी असायचे तेव्हाही इतकं जड कधी नव्हतं. समोर धावपट्टी संपत आलेली, पुढे बांधावर कडुलिंबाची झाडं. आणि विमान झुकत होतं, पण डावीकडे नाही... उजवीकडे. दोन्ही हातांनी दांडा डावीकडे धरून ठेवावा लागत होता.

रेडिओवर कॅप्टनचा आवाज. “नाक खाली! भाऊ, नाक खाली ठेवा, स्पीड सांभाळा!”

झाडांकडे बघत नाक खाली करणं काय असतं ते मी सांगू शकत नाही. केलं. शेंडे चाकांखालून गेले, पानं ओळखू येत होती. तेव्हा मी उजवीकडे बघितलं, का ते माहीत नाही. दार उघडं राहिलंय का बघावं असंच काही मनात असेल.

सीट रिकामी होती. पण बेल्ट सपाट नव्हता.

बेल्ट सीटपासून चांगला दोन वीत पुढे, हवेत ताणलेला होता. गोल. एखाद्या जाड माणसाच्या पोटावरून जातो तसा. मध्ये काही नाही. पलीकडची खिडकी दिसत होती, तिच्यातून खालची उसाची शेतं दिसत होती.

मला भीती वाटली नाही. खरंच सांगतो, त्या क्षणी नाही वाटली, नंतर रात्रभर वाटली. तेव्हा फक्त रडू फुटलं. कॅप्टननी शिकवलं होतं की काही झालं तरी आधी विमान उडवायचं, बाकी सगळं नंतर. म्हणून रडत रडत विमान उडवत होतो. पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं. धावपट्टी आता डाव्या हाताला, खाली, एवढीशी. दूरवर आग्रा रोड आणि त्यावर मुंगीएवढे ट्रक. आमच्याच नाक्यावर जाणारे असतील.

मी म्हटलं, “उठलं रं, जितू. तुना घेऊन उठलं.”

इंजिनचा आवाज फक्त. मी म्हटलं, “बघ, बघून घे सगळं.” मग मला आणखी बोलायचं होतं. ते बोल्ट, ती फळी, माझं ओरडणं, पोलिसांना सांगितलेलं, सगळं. इथे तर मागे कोणीही उभं नव्हतं. आम्ही दोघेच. आणि तरी माझ्या तोंडून ते आलं नाही. त्याऐवजी काय आलं, तर आपण पोराला फिरवून आणल्यावर म्हणतो ना, तसं म्हणालो, “चल, आता घरी जाऊ.”

बेल्ट पडला.

उघडला आणि पडला. बकल एकीकडे, पट्टा एकीकडे, आणि त्याच क्षणी विमानाने खालून कोणी उचलल्यासारखी वर उडी मारली. मी दोन्ही हातांनी डावीकडे रेटून धरलेला दांडा, विमान धाडकन डावीकडे कलंडलं. कसं सावरलं ते मला विचारू नका, हातांनीच सावरलं. मी उजव्या दाराकडे बघितलं. दार बंद होतं.

मी “जितू” म्हणून ओरडलो. चुकून रेडिओचं बटण दाबलेलं राहिलं होतं, ते खाली सगळ्यांनी ऐकलं.

उतरलो. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं लँडिंग झालं म्हणे, मला आठवत नाही. कॅप्टन धावत आले. अभिनंदन राहिलं बाजूला, तावातावाने म्हणाले, “अरे, कसं उठवलं ते? मी बसलो असतानाही असं उठत नाही! आणि तिकडे लांबच्या बाजूला काय झालं, दोनशे फूट एकदम वर कसे गेले तुम्ही?” म्हणजे त्यांनीही बघितलं होतं, जमिनीवरून. मग त्यांनी दार उघडलं, आणि वाकून बेल्ट हातात घेतला.

बेल्ट उघडा होता. तेवढंच असतं तर म्हटलं असतं, जुनं बकल आहे, सुटलं. पण पट्टा शेवटच्या टोकापर्यंत ढिला केलेला होता. तो ढिला करायला बकल हाताने तिरकं धरून ओढावं लागतं, एरवी सरकत नाही. कॅप्टननी माझ्यासमोर तीन-चार वेळा आवळून, हिसडे मारून बघितला. सरकला नाही. म्हणाले, इंजिनने सकाळी पॉवर कमी दिली असेल, वर एखादा हवेचा झोत लागला असेल. त्याच दिवशी त्यांनी मेकॅनिककडून सगळं तपासून घेतलं आणि स्वतः उडवून बघितलं. काही सापडलं नाही. संध्याकाळी मला चहा देताना विचारलं, “जितू कोण?” मी म्हटलं, भाऊ. पुढे त्यांनी विचारलं नाही.

रात्रभर खोलीत दिवा लावून बसून राहिलो. एकच डोक्यात. ‘घरी जाऊ’ म्हटल्याबरोबर तो गेला. आभाळात, मधूनच, उतरून गेला. माझ्याबरोबर खाली आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काल्हेरला पोचलो. आय झोपलेली, पुतणी शाळेत. सुनंदा ओटीवर सुकट निवडत बसलेली. मी पायातल्या चपला न काढता तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. चढ म्हणालो ते. फळी टाकू दिली नाही ते. खालून ओरडलो ते.

तिचे हात थांबले नाहीत. सुपातले खडे बाजूला टाकत म्हणाली, “मना ठाव हाय, दादा.”

मला आधी समजलंच नाही.

“वरनं त्यांनी मनाच फोन केलेला. ‘दादानी चढवलाय मना, पन सुनंदा, हितनं आपली सगली खाडी दिसते, तुना दावाला पायजे एकदा’ बोलले. खुशीत व्हते. मंग फोनात तुमचा आवाज आला... ‘फट बघ’.” तिने एक खडा बाजूला टाकला. “त्याच्यानंतरचा बी ऐकलाय मी.”

दोन वर्षं. दोन वर्षं ही बाई मला भाकरी बांधून देत होती.

मी विचारलं, “मग बोलली का नाहीस? पोलिसांत का नाही गेलीस?”

“मी बोलली असती तं तुमी कबूल केला असता. मना ते नको व्हता. तुमी आपनहून सांगाला पायजे व्हता. दहाव्याला वाटलं, आता बोलाल. तुमी पिंडापाशी काय तरी हलूच बोललाव न् कावला आला. मना वाटलं, त्यांनी तुमाला सोडला. मी न्हाय सोडला.”

मग मी तिला विमानातलं सांगितलं. बेल्ट, वजन, सगळं. इतकं ऐकून तरी ती वेड्यात काढेल असं वाटलं होतं. तिने पहिल्यांदा हात थांबवले.

“तुमी ‘घरी चल’ बोललाव, न् ते उतरले?”

“हो.”

तिने सूप बाजूला सरकवलं. मग म्हणाली, “कसे येतील, दादा? दोन वर्सं तुमी बी गप, मी बी गप. रोज एकमेकांच्या ताटात वाढतो न् गप. असल्या घरात कोन येल?”

मी तिच्यासमोर डोकं टेकून रडलो. तिने मला उठवलंही नाही आणि ढकललंही नाही. थोड्या वेळाने सूप घेऊन आत गेली.

पुढचं थोडक्यात. आयला सांगितलं, ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. पोलीस चौकीत जाऊन खरा जबाब दिला, त्याचं जे काही व्हायचं ते चालू आहे, ते लिहिण्याची ही जागा नाही. गोडाऊनवर फळी आणि दोर असल्याशिवाय आता कोणी पत्र्यावर चढत नाही. विमानाला त्यानंतर मी हात लावलेला नाही. लायसन्स अर्धवटच राहिलं. कॅप्टन दोनदा फोन करून बोलावत होते, म्हणाले, “भाऊ, तुमचा हात चांगला बसला आता.” मी गेलो नाही. कोणाला घेऊन जायचं आता?

तुम्ही म्हणाल, टेन्शन, झोप नाही, मनाला अपराधी वाटत होतं म्हणून दिसलं. मीही दुसऱ्या कोणाला हेच म्हटलं असतं. पण माझ्या मनाने विमान जड होत नाही, आणि कॅप्टनच्या मनात तर जितू कोण हेही नव्हतं. पट्टा कोणी ढिला केला याचं उत्तर मला मिळालेलं नाही, कोणाला सुचलं तर खाली लिहा.

एक सवय मात्र लागली आहे. गाडीत एकटा असलो की निघायच्या आधी बाजूच्या रिकाम्या सीटचा बेल्ट लावून घेतो. माणकोली नाक्यावर सिग्नल लागला की हळूच बघतो.

सपाट असतो. रोज सपाटच असतो.